लांबलचक मेडिकल शब्द न अडखळता कसा वाचायचा: आधी विग्रह, मग उच्चार

ऐरोली-रबाळेच्या आयटी पार्कमध्ये मेडिकल कोडिंगला (पेशंटचे रिपोर्ट वाचून तपासणी-आजाराला ठरलेला नंबर द्यायचं काम) नवीन लागलेले, ठाण्यात एखाद्या लॅबच्या काउंटरवर किंवा हॉस्पिटलच्या बिलिंगला नुकतेच जॉइन झालेले, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) नाहीतर नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. मी कोडिंगच्या नवीन बॅचला टर्मिनॉलॉजी शिकवते आणि दर बॅचला तेच दिसतं, मुलं हुशार असतात, बीएस्सी, बीफार्म झालेली असतात, शब्दाचा अर्थ पण माहीत असतो, पण मोठ्याने वाचायला सांगितलं की सुरुवात दणक्यात होते, मधलं सगळं गिळलं जातं आणि शेवटी "स्कोपी" तेवढं ऐकू येतं. त्यात कोणी मराठी मीडियममधून आलेलं असेल तर लगेच "माझं इंग्लिशच कच्चंय" असं मनात धरून बसतं. असं काही नसतं हो. हे शब्द मुळात इंग्लिश नाहीतच, बहुतेक सगळे ग्रीक नाहीतर लॅटिन तुकडे जोडून केलेत, आणि जोडलेले शब्द फोडायला आपण शाळेत मराठीच्याच तासाला शिकलोय. समासाचा विग्रह आठवतोय ना? आणि लघु-गुरु, यमाताराजभानसलगा? ह्या दोनच गोष्टी लागणार आहेत. विग्रह म्हणजे अर्थाची फोड, लघु-गुरु म्हणजे आवाजाची फोड. दोन्ही फोडी वेगळ्या जागी पडतात, आणि नवीन माणूस अडखळतो तो ह्या दोन्ही एकदम करायला जातो म्हणून.

उदाहरणाला मोठाच शब्द घेऊया. इसॉफगोगॅस्ट्रोड्युओडिनॉस्कोपी. इंग्लिश स्पेलिंगमध्ये 26 अक्षरं आहेत. घाबरू नका, ह्या तपासणीला पेशंट नुसतं "दुर्बीण टाकून पोट बघितलं" म्हणतात.

पहिली पायरी, विग्रह, तो पण शेवटाकडून

"हृदयरोगतज्ज्ञ" हा शब्द आपण कसा फोडतो? तज्ज्ञ, कशाचा, रोगाचा, कुठल्या, हृदयाच्या. मुख्य माणूस शेवटी बसलाय. मेडिकल शब्दात पण तसंच, शेवटचा तुकडा सांगतो की ही तपासणी आहे, ऑपरेशन आहे, सूज आहे की नुसती कमतरता. म्हणून पेन्सिल घ्या आणि शेवटाकडून रेघ मारा. स्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आत बघणं. त्याच्या आधी ड्युओडिनो, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग. त्याच्या आधी गॅस्ट्रो, जठर. सगळ्यात पुढे इसॉफगो, अन्ननलिका. झालं, अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात, एवढ्याची दुर्बिणीने तपासणी. आणि बघा, अवयवांचा क्रम पण घास जसा खाली उतरतो तसाच आहे, दुर्बीण पण त्याच वाटेने जाते, त्यामुळे पाठ करायची गरजच नाही.

शेवटचे तुकडे फार नाहीत, आधी हेच पक्के करा. आयटिस म्हणजे सूज किंवा दाह. एक्टमी म्हणजे कापून काढून टाकणं, ऑटमी म्हणजे नुसती चीर देणं, ऑस्टमी म्हणजे भोक करून तोंड बाहेर काढणं. मेगली म्हणजे अवयव वाढणं, पिनिया म्हणजे कमी पडणं, एमिया म्हणजे रक्तातलं काहीतरी, ओमा म्हणजे बहुतेक वेळा गाठ, लिथायसिस म्हणजे खडे. एवढ्यावर निम्मं काम भागतं.

तुकड्यांच्या मध्ये जो "ओ" येतो तो जोडायला असतो, त्याला स्वतःचा अर्थ नाही. त्याचा नियम सोपा आहे, पुढच्या शेपटीची सुरुवात व्यंजनाने असेल तर ओ राहतो, स्वराने असेल तर ओ पडतो. गॅस्ट्रोस्कोपीत राहिला, गॅस्ट्रायटिसमध्ये पडला, गॅस्ट्रेक्टमीत पण पडला. पण दोन अवयव एकमेकांना जोडायचे असतील तर पुढे स्वर असला तरी ओ राहतो, म्हणून गॅस्ट्रोएंटरायटिस, एंटरो म्हणजे आतडं. संधी सोडवताना आपण जे करायचो तेच आहे हे.

ह्या पायरीचा माझा सगळ्यात आवडता शब्द ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी. ओटो कान, रायनो नाक, लॅरिंगो स्वरयंत्र. आता कुठल्याही सरकारी दवाखान्याची पाटी बघा, "कान, नाक, घसा". तेच तीन तुकडे, त्याच क्रमाने. फक्त ओटो आणि ऑटो ह्यात गल्लत नको, ऑटो म्हणजे स्वतःचं, स्वतःहून, जसं ऑटोइम्यून.

दुसरी पायरी, आवाजाची फोड

आता विग्रहाच्या रेघा विसरून जा, खरंच विसरा, कारण बोलताना शब्द तिथे तुटत नाही. गॅस्ट्रोस्कोपच घ्या, म्हणजे ती दुर्बीण, यंत्र. तोंडाने म्हणून बघा, गॅस्-ट्रो-स्कोप. आता तपासणी म्हणा, गॅस्-ट्रॉस्-को-पी. अर्थाची फोड दोन्हीत सारखीच आहे, गॅस्ट्रो आणि पुढे स्कोप किंवा स्कोपी, पण दुसऱ्या शब्दात स्को मधला स् उडी मारून मागच्या तुकड्याला चिकटला आणि ट्रो चा ट्रॉ झाला. जो मुलगा रेघेवर थांबून "गॅस्ट्रो... स्कोपी" म्हणतो त्याचं चुकलं असं नाही, समजतं सगळ्यांना, पण तसं तुकड्यातुकड्याने म्हटलं की लांब शब्दात दम लागतो आणि माणूस मध्येच हरवतो.

इथे लघु-गुरु कामाला येतं. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरु का धरायचे आठवतंय? कारण जोडाक्षरातलं पहिलं व्यंजन बोलताना मागच्या अक्षरावर आदळतं. लिहिताना आपण "डॉ-क्ट-र" असं लिहितो, बोलताना "डॉक्-टर". देवनागरीत जोडाक्षर पुढच्या घरात लिहिलं जातं पण त्यातलं पहिलं व्यंजन ऐकू येतं मागच्या घरात. म्हणून मेडिकल शब्द देवनागरीत फोडून लिहिताना हलन्त वापरा, पाय मोडा, आणि पाय मोडलेलं अक्षर मागच्या तुकड्याला द्या.

आपला मोठा शब्द असा होतो: इ-सॉ-फ-गो-गॅस्-ट्रो-ड्यु-ओ-डि-नॉस्-को-पी. मोजा, बारा तुकडे. प्रत्येक तुकड्यात एकच स्वर, हीच खूण, स्वर मोजले की तुकडे मोजले गेले. (ड्युओडिनम हे नाव पण लॅटिनमधल्या बारावरूनच आलंय, लांबी साधारण बारा बोटं म्हणून. तुकडे बारा निघाले हा योगायोग, पण लक्षात राहायला बरा पडतो.)

मराठी लिपीचा इथे मोठा फायदा आहे आणि तो घ्याच. इंग्लिश स्पेलिंगमध्ये एक "ओ" कधी ओ असतो, कधी ऑ, कधी नुसता अ. देवनागरीत लिहायला घेतलं की ठरवावंच लागतं. मी बॅचला सांगते, वहीच्या डाव्या बाजूला इंग्लिश स्पेलिंग, उजव्या बाजूला देवनागरी फोड, ॲ आणि ऑ चे चंद्र न विसरता. काही जणांना वाटतं देवनागरीत लिहिणं म्हणजे कमीपणा, लपवून लिहितात, हात आडवा धरून. अजिबात लपवू नका, इंग्लिश डिक्शनऱ्या पण उच्चार दाखवायला वेगळी चिन्हं वापरतात, आपल्याकडे ती लिपीतच आहेत.

तिसरी पायरी, मागून पुढे म्हणत जायचं

बारा तुकडे लिहिले तरी पहिल्यापासून म्हणायला गेलात की सातव्या-आठव्याला गाडी अडकतेच, कारण पुढे काय येणार त्याची धास्ती असते. म्हणून शेवटापासून बांधत या. आधी "को-पी". मग "नॉस्-को-पी", तीनदा म्हणा. मग "डि-नॉस्-को-पी". मग "ड्यु-ओ-डि-नॉस्-को-पी", इथे जरा थांबा, कारण ड्यु आणि ओ हे दोन स्वर लागोपाठ आहेत आणि बहुतेकांचं इथेच "ड्युडि" होतं, ओ खाल्ला जातो, तर ड्यु, ओ, असे दोन्ही सुटे ऐकू आले पाहिजेत. मग "गॅस्-ट्रो-ड्यु-ओ-डि-नॉस्-को-पी". आणि शेवटी पुढे "इ-सॉ-फ-गो" लावा. ह्या पद्धतीत होतं काय की तुम्ही नेहमी नवीनकडून ओळखीच्या भागाकडे जाता, शब्द जसा पुढे जातो तसा सोपा होत जातो. ठाणे-वाशी लोकलमध्ये दिघा गावापासून ऐरोली येईपर्यंत हेच पुटपुटा, बाजूचा बघेल, बघू दे.

जोर कुठे द्यायचा

मराठीत आपण सगळ्या अक्षरांना साधारण सारखा जोर देतो, त्यामुळे हा भाग नवीन वाटतो. पण बरेचसे मेडिकल शब्द एकाच नियमात बसतात, शेवटून तिसऱ्या तुकड्यावर जोर. गॅस्-ट्रॉस्-को-पी, जोर ट्रॉस् वर. ॲ-पेन्-डेक्-ट-मी, डेक् वर. कार्-डि-ऑ-ल-जी, ऑ वर. रे-डि-ऑ-ग्र-फी, परत ऑ वर. हे-प-टो-मे-ग-ली, मे वर. आपल्या मोठ्या शब्दात नॉस् वर, आणि हलकासा जोर सॉ, गॅस्, ड्यु ह्यांच्यावर. अपवाद पटकन सांगते, आयटिस आणि ओसिस वाल्या शब्दांत शेवटून दुसऱ्यावर. अपेंडि-साय-टिस, साय वर.

लेप्टोस्पायरोसिस तर ठाणे-नवी मुंबईत शाळेतल्या मुलांना पण माहितीय, 26 जुलै 2005 च्या पुरानंतर घराघरात "लेप्टो" हा शब्द पोचला. पूर्ण म्हणायचा तर लेप्-टो-स्पाय-रो-सिस, जोर रो वर. लेप्टो म्हणजे बारीक, स्पायरा म्हणजे वेटोळं, तो जंतू मायक्रोस्कोपखाली दिसतो पण तसाच, बारीक वेटोळ्याचा. पावसाळ्यातलाच दुसरा शब्द थ्रॉम्बोसायटोपिनिया, डेंग्यूच्या रिपोर्टवर हमखास असतो. शेवटाकडून विग्रह, पिनिया कमी, सायटो पेशी, थ्रॉम्बो गुठळी, म्हणजे गुठळी करणाऱ्या पेशी कमी, म्हणजे प्लेटलेट कमी, दीड लाखाच्या खाली. आवाजाची फोड थ्रॉम्-बो-साय-टो-पी-नि-या, जोर शेवटून तिसऱ्या पी वर.

अमेरिकन ॲक्सेंट काढायच्या मागे लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे. तुकडे सगळे ऐकू यावेत, जोर बरोबर जागी पडावा, बस. आपल्या मराठी ट, ड ने कोणाचं काही अडत नाही.

स्पेलिंग फसवतं ती ठिकाणं

इथे थोडा वेळ द्या, कारण उच्चार चुकतो तो जास्त करून इथेच.

शब्दाच्या सुरुवातीला पी आणि पुढे एस, एन किंवा टी असेल तर पी मुका. सोरायसिस, न्युमोनिया, आणि पापणी खाली येते तो टोसिस, सगळ्यांच्या सुरुवातीला पी लिहिलेला असतो. पण तोच पीटी शब्दाच्या मध्ये आला की पी बोलायला लागतो, थुंकीतून रक्त पडणं म्हणजे हिमॉप्टिसिस, इथे प् स्पष्ट म्हणायचा. ॲप्निया मध्ये पण तसंच. सीएच जवळजवळ नेहमी क, कोलेस्टेरॉल, कॉलरा, क्रॉनिक, त्यामुळे पित्ताशय काढायच्या ऑपरेशनला कोलिसिस्टेक्टमी, "चोले" नाही. पीएच म्हणजे फ, पण फळातला नाही, फॅनमधला, ओठ दातांना लावून. सुरुवातीचा एक्स झ सारखा, कोरडी त्वचा म्हणजे झिरोसिस.

आणि सी व जी हे दोघे पुढचा स्वर बघून रंग बदलतात. पुढे ई, आय, वाय असेल तर सी चा स आणि जी चा ज. पुढे ए, ओ, यू असेल तर क आणि ग. ह्याचं सगळ्यात छान उदाहरण स्वरयंत्रच आहे. लॅरिंगोस्कोप म्हणताना ग, कारण पुढे ओ. त्याच स्वरयंत्राला सूज आली की लॅरिंजायटिस, ज, कारण पुढे आय. तुकडा तोच, आवाज बदलला. इसॉफगस मध्ये ग आणि इसॉफजियल मध्ये ज, तेच कारण. म्हणून एखाद्या अवयवाचा उच्चार पाठ केला म्हणजे झालं असं धरू नका, त्याच्या पुढे कोण बसलंय ते बघा.

आणखी एक, जो ऐरोलीत कोडिंग करणाऱ्यांना पहिल्याच महिन्यात भेटतो. ठाण्यातल्या हॉस्पिटलच्या पेपरवर ओजीडी लिहिलेलं असतं आणि अमेरिकन चार्टवर ईजीडी. तपासणी एकच, आपल्या त्या मोठ्या शब्दाचीच ही लघुरूपं. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये अन्ननलिका ओ ने सुरू होते, ओ-ई असं लिहितात, अमेरिकन लोकांनी ओ काढून टाकला. कोडिंगवाल्यांना 43235 हा नंबर लवकरच तोंडपाठ होईल, नुसत्या तपासणीचा, आणि बायोप्सी घेतली तर 43239. उच्चार दोन्हीकडे इ नेच. हिमोग्लोबिन, अनीमिया, इडीमा, डायरिया, ह्या सगळ्यांत हाच प्रकार, एक स्पेलिंग लांब, एक आखूड, वाचायचं एकच.

फोनवर जिथे जीव लावून बोलायचं

बाकी सगळीकडे थोडं इकडेतिकडे झालं तर चालतं, इथे नाही. हायपो म्हणजे कमी, हायपर म्हणजे जास्त. वॉर्डातून फोन येतो, मागे मॉनिटर वाजतोय, कोणीतरी घाईत "हायप... कॅलेमिया" म्हणतं, मधलं अक्षर हवेत जातं, आणि पोटॅशियम कमी आहे की जास्त ह्यावर उपचार पूर्ण उलटे होतात. म्हणून शब्दानंतर अर्थ आणि आकडा जोडून बोला, "हायपोकॅलेमिया, पोटॅशियम कमी, दोन पॉइंट नऊ". ऐकणाऱ्याने तेच परत म्हणून दाखवायचं, आणि समोरची सिस्टर कितीही सीनियर असली तरी "मॅडम, एकदा परत सांगता का" म्हणायला लाजायचं नाही. काउंटरवर बसणाऱ्या माणसाचं हे कामच आहे.

तसंच युरेटर आणि युरिथ्रा, एक किडनीपासून मूत्राशयापर्यंतची नळी, दुसरी तिथून बाहेरची. ट्रेकिऑटमी आणि ट्रेकिऑस्टमी मध्ये फक्त एक स् चा फरक आहे, तो स् दाबून म्हणा. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलण्या-समजण्यात अडचण, कानाला जवळपास सारखेच. आणि इलियम तर दोन आहेत, उच्चार एकच, ई वाला लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि आय वाला कमरेचं हाड, तिथे स्पेलिंग सांगितल्याशिवाय इलाज नाही.

सराव कसा करायचा

नौपाड्यात गोखले रोडला किंवा राम मारुती रोडला एक चक्कर मारा, बिल्डिंगच्या खाली डॉक्टरांच्या पाट्या असतात, एकेक पाटी वाचा, मनात विग्रह करा, मग तोंडाने आवाजाची फोड. गॅस्ट्रोएंटरॉलॉजिस्ट, ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट, नेफ्रॉलॉजिस्ट. ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट बहुतेक जण "ऑप्थल" म्हणतात, तिथे पीएच आहे, म्हणून ऑफ्-थॅल्.

मोबाइलवर मेरियम-वेब्स्टरची मेडिकल डिक्शनरी बघा, स्पीकरचं चिन्ह दाबलं की उच्चार ऐकू येतो. पण एक सांभाळा, मुख्य शब्दात जे ठिपके असतात ते ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा असेल तर कुठे तोडावा ह्यासाठी आहेत, उच्चाराचे तुकडे बघायचे तर त्याच्या शेजारी उच्चार दिलेला असतो तो बघा, त्यातली छोटी उभी रेघ ज्याच्या आधी येते त्या तुकड्यावर जोर.

हात बसला की मग हा घ्या, न्युमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्केनोकोनिओसिस. 45 अक्षरी इंग्लिश शब्द, 1935 मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीगचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ ह्यांनी मुद्दाम लांब करून बनवलेला. खऱ्या रिपोर्टवर कधी दिसणार नाही, तिथे सिलिकोसिस लिहितात, पण सरावाला उत्तम. विग्रह शेवटाकडून, कोनिओसिस धुळीचा आजार, व्होल्केनो ज्वालामुखी, सिलिको सिलिका, अल्ट्रामायक्रोस्कोपिक अतिसूक्ष्म, न्युमोनो फुप्फुस. आवाजाचे तुकडे एकोणीस. सुरुवातीचा पी मुका, हे आता मी सांगायला नको.

आणि शेवटचं, सीनियर डॉक्टर एखादा शब्द वेगळा म्हणाले तर लगेच आपलं चुकलं किंवा त्यांचं चुकलं असं समजू नका. मानेच्या मणक्याला कोणी सर्व्हिकल म्हणतं, कोणी सर्व्हायकल, दोन्ही चालतात, ब्रिटिश वळणाने शिकलेले सर्व्हायकल जास्त म्हणतात. जिथे नोकरी करताय तिथे जे चालतं ते बोला, आणि वहीत दोन्ही लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्या जागी गेलात की ऐकताक्षणी ओळखाल.